पेट्रोलची जिवाणी

माझ्या थोरल्या बहिणीच्या, कांचनताईच्या, धाकट्या मुलाने परवा मला एक व्हिडिओ पाठवला. त्यात तो दिसत नाही, फक्त त्याची गाडी आणि तिचा आवाज. गाडी साधीच, पण त्याने ती खालून इतकी बसवून घेतली आहे की नंदुरबारच्या प्रत्येक गतिरोधकावर ती पोट घासत जाते, आणि मागे सायलेन्सर असा लावलाय की त्यांच्या गल्लीतली कुत्री आता त्याला ओळखतात. "मावशी, पंच्याण्णव ऑक्टेनवालं भरलं. गाडी अक्षरशः उडते," असं खाली लिहिलं होतं. मी त्याला फोन करून सांगितलं, की बाळा, महाग पेट्रोलात ताकद जास्त नसते, धीर जास्त असतो. ठिणगी पडेपर्यंत दाबाखाली गप्प बसायची त्याची तयारी असते, एवढंच. ज्या इंजिनात दाबच कमी, तिथे तो धीर वाया जातो. तो म्हणाला, "पण मावशी, फील येतो." फील येतो म्हटल्यावर वाद संपला. आमच्या बाबूजींनाही फील यायचा. त्या फीलपायी आमच्या घरात जे झालं ते या प्रकरणात लिहिते. कांचनताईची परवानगी घेतली आहे. ती म्हणाली, "लिही, पण मी रडले ते लिहू नकोस." ते मी लिहिणार आहे.

आमचं कापडाचं दुकान तळोद्यात. पुढे दुकान, मागे घर, आणि घराच्या मागे एक अंगण, ज्यात तुळस, नळ आणि बाबूजींची गाडी असे तीन स्थायिक रहिवासी होते. दुकानात साड्या, लुगडी, धोतरजोड्या आणि डोंगरातल्या गावांहून जीपने येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी भडक रंगाचे ब्लाऊजपीस. घरात मारवाडी बोलायचो, दुकानात जे गिऱ्हाईक बोलेल ते. घरातली मारवाडी मी इथे सरळ मराठीत लिहिते, पण आमच्या आईची, म्हणजे बाईची (आम्ही तिला बाईच म्हणायचो), गोष्ट वेगळी. ती धानोऱ्यात वाढलेली. राग आला किंवा एखादी गोष्ट मनाशी पक्की झाली की ती अहिराणीत शिरायची, आणि मग तिथून तिला बाहेर काढणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. आमच्या तर नाहीच.

गाडी पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यातून आली होती. तिथून बदली होऊन चाललेल्या एका साहेबांनी ती बाबूजींना विकली. लांब, फिकट हिरवी, विलायती डौलाची, आणि आतून मळीचा वास येणारी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्या गाडीचे चाहते अजून जिवंत आहेत आणि ते फार लांब पत्रं लिहितात. बाबूजींना गाडी चालवायची विशेष आवड नव्हती. त्यांना गाडी उघडायची आवड होती. रविवारी दुकान बंद. सकाळी पूजा झाली की ते जुनं धोतर लुंगीसारखं गुंडाळून अंगणात उतरायचे आणि बोनेट उघडून, देवघराचं दार उघडल्यासारखे, क्षणभर नुसते बघत उभे राहायचे. माझा भाऊ त्या वेळी दुकानात साड्यांच्या घड्या घालायचा. त्याला ग्रीस बघून मळमळायचं. तेव्हा मदतनीस म्हणून मी. प्लग काढून तारेच्या ब्रशने घासायचे, ठिणगीच्या पॉईंटमधली फट लग्नपत्रिकेच्या कागदाने मोजायची (बाबूजींच्या मते आमच्या समाजाच्या पत्रिकेचा कागद त्या फटीसाठीच बनवलेला होता), आणि ब्रेकमधली हवा काढताना आत बसून पायडल दाबायचं. "दाब. धर. सोड. अगं सोड म्हणजे आत्ता नाही." हे आमचं रविवारचं भजन. मी ब्रेक दाबायला बसले की बाहेरच्या गल्लीतून बायका डोकवायच्या आणि बाईला विचारायच्या, पोरीचं लग्न कसं करशील. बाई म्हणायची, मोठीचं आधी.

बाईचा गाडीशी थेट संबंध दिवसातून एकदाच यायचा, तो सूर्यास्ताला. आमच्याकडे दिवस बुडाल्यावर जेवण नाही. पण बाबूजी त्या वेळी हमखास गाडीखाली असायचे, आणि एखादा नट असा अडलेला असायचा की तो सोडून बाहेर आलं तर पुन्हा मिळणार नाही अशी त्यांची खात्री. मग बाई दाल-बाटीचं ताट घेऊन यायची, वाकायची, आणि ते गाडीखाली सरकवायची. खालून बाटी कुस्करल्याचा आवाज यायचा, तुपाचा आणि इंजिन ऑइलचा एकत्र वास यायचा, आणि थोड्या वेळाने रिकामं ताट बाहेर यायचं. ताटाच्या कडेवर काळी बोटं उमटलेली असायची. ती ताटं बाई वेगळी घासायची. आज माझ्या सोसायटीत मी गाडीखाली झोपून ऑइल बदलते तेव्हा वॉचमन घाबरून विचारतो, "मॅडम, बरं वाटत नाही का?" ताट मात्र कुणी सरकवत नाही.

आता मूळ दुखणं. बाबूजींना वाटलं, गाडी ओढत नाही. चांदसैलीच्या चढावर एक जीप, तीही टपावर माणसं घेतलेली, त्यांना मागे टाकून गेली. तो अपमान त्यांच्या जिव्हारी लागला. कुणीतरी सांगितलं, इंजिनाचं हेड घासून घ्या, म्हणजे आतली जागा कमी होते, दाब वाढतो आणि गाडी ताकद धरते. हे खरं आहे. बाबूजींनी नंदुरबारला लेथवर हेड घासून आणलं. गाडी खरोखर बरी ओढू लागली. माणसाने तिथे थांबावं. ते पुन्हा घासून घेऊन आले. "शेठ, अजून एकदा आलात तर हेड राहणार नाही, झाकण राहील," असं लेथवाला म्हणाला म्हणे. दुसऱ्या घासणीनंतर गाडी चढावर ठोकू लागली. इंजिनातून असा आवाज यायचा की आत कुणीतरी डब्यात चणे घालून हलवतंय. पेट्रोलला तेवढा दाब सोसत नव्हता. ठिणगीची वाट न बघता ते आधीच पेट घ्यायचं. दाब वाढवला की पेट्रोल धीराचं लागतं, हे बाबूजींना माहीत होतं. पण तळोद्यात धीराचं पेट्रोल मिळत नव्हतं. जे मिळायचं ते एकाच जातीचं, आणि तेही पंपाच्या मालकाच्या मर्जीचं.

मग उपाय सुरू झाले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसं. एका जीपवाल्याने सांगितलं, टाकीत डांबरगोळ्या टाका, पेट्रोल जड होतं. कापडाच्या दुकानात डांबरगोळ्यांना काय तोटा. बाबूजींनी साड्यांच्या कपाटातून ओंजळभर काढल्या आणि टाकीत सोडल्या. ठोकणं थोडं कमी झालं हे मला कबूल केलं पाहिजे. पण पुढचे कित्येक दिवस गाडी बाजारातून गेली की मागे लग्नाच्या शालूचा वास दरवळायचा. लोक म्हणायचे, शेठचं दुकान फिरतीवर निघालं. प्लग काढले तर काजळीने माखलेले. तो उपाय बंद झाला. मग बाबूजी अधूनमधून सीमेपलीकडे निझरला जाऊन गुजरातचं पेट्रोल भरून येऊ लागले, आणि काय सांगू, तेवढ्या टाकीपुरती गाडी मांजराच्या पावलांनी चालावी तशी शांत चालायची. बाबूजींनी याचं श्रेय गुजरातच्या हवेला दिलं. आपल्या गावच्या पंपावर संशय घ्यावा असं त्यांच्या मनातही आलं नाही, कारण तो पंप केसरचंदशेठांचा होता, आणि केसरचंदशेठ आपल्याच समाजाचे, रोज सकाळी जैन स्थानकात पहिल्या रांगेत बसणारे. शिवाय बाईने निकाल देऊन टाकला होता की चूक हेड घासण्याची आहे. बाबूजींना मनातून ते पटलेलं होतं. नवऱ्याला आपली चूक वाटत असली की तो दुसऱ्याची शोधायला जात नाही.

त्यातच गाळण्याचं प्रकरण सुरू झालं. कार्बोरेटरचं भोक सारखं तुंबायचं. पेट्रोलातून गंज, माती, कधी पाण्याचा थेंब यायचा. बाबूजींनी ठरवलं, गावच्या पंपावरचं पेट्रोल डब्यात आणायचं आणि घरी गाळून टाकीत ओतायचं. गाळायला आमच्याकडे काय असणार? मलमलचं दुहेरी गाळणं, ज्यातून बाई पाणी गाळायची, त्याच ठाणातलं. बाबूजींनी अंगणात पेट्रोल गाळलं, गाळणं नळाखाली धरलं आणि झटकलं. स्वयंपाकघराच्या दारात बाई उभी होती.

"हाई जिवाणी कोठे टाकी ऱ्हायनात तुम्ही?"

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात पाणी गाळलं की गाळण्यावर जे राहतं ती जिवाणी. त्यात डोळ्याला न दिसणारे जीव असतात. ते मरू नयेत म्हणून गाळणं थोड्या गाळलेल्या पाण्याने खळबळून ती जिवाणी जिथून पाणी आणलं तिथेच परत सोडायची. विहिरीचं विहिरीत, नदीचं नदीत. बाबूजी म्हणाले, "अगं, पेट्रोलात कसले जीव?"

"पानीमा तरी तुमले दिखतस का? तरी गाळतस ना आपन? जठेन उनं, तठेच जाई."

जिथून आलं तिथेच जाणार, आणि अहिराणी सुरू झाली म्हणजे विषय संपला. तेव्हापासून आमच्या मागच्या ओट्यावर, चुलीपासून लांब, एक काचेची बरणी आली. गाळणं थोड्या गाळलेल्या पेट्रोलने खळबळून ते त्या बरणीत. बरणीला झाकण नाही, कारण झाकणाने जीव गुदमरतील. तोंडाला फक्त पातळ फडकं बांधलेलं. आणि दर रविवारी ती बरणी पंपावर परत. बाबूजींकडे हे काम दिलं असता ते काय करतील हे बाईला ठाऊक होतं. "तू जाय," ती मला म्हणाली, "तुन्हा बाप गटारमा टाकी दी."

पहिल्या रविवारी मी बरणी मांडीवर घेऊन गाडीत बसले तेव्हा लाजेने मेले होते. कांचनताई मागे बसली होती. तिला घडी घालायला साड्या असत, म्हणून ती सहसा कुठे यायची नाही, पण त्या दिवशी का कोण जाणे आली. पंप गावाबाहेर, शहाद्याच्या रस्त्याला. केसरचंदशेठ नव्हते. त्यांचा मुलगा अभय होता, नुकताच कॉलेज संपवून आलेला, चष्मा लावणारा, मोजकं बोलणारा. मी खाली मान घालून सगळं सांगितलं, जिवाणी, बाई, मूळ ठिकाण, वगैरे. मला वाटलं, आता हा हसणार आणि उद्या गावभर होणार. तो हसला नाही. त्याने बरणी दोन्ही हातांनी घेतली, जमिनीतल्या टाकीचं झाकण उघडलं, वाकून ती हळूच रिकामी केली, आणि बरणी परत देताना म्हणाला, "काकीजींना सांगा, नीट सोडली." मी गाडीत येऊन बसले. कांचनताईने काही विचारलं नाही. पण पुढच्या रविवारी बाबूजींनी गाडी बाहेर काढायच्या आत ती वेणी घालून मागच्या सीटवर हजर.

आता मी म्हातारी झाले तरी सांगते, माणसावर जीव जडायला काहीही पुरतं. कुणाला डोळे, कुणाला गाणं. माझ्या बहिणीला एका मुलाचं जमिनीतल्या पेट्रोलच्या टाकीपुढे वाकणं पुरलं. ती मला घरी येऊन म्हणाली, "आपल्या बाईला हसला नाही तो." मग रोज कुठल्या ना कुठल्या निमित्ताने तेच. पावसाळ्याच्या तोंडावर केसरचंदशेठांकडून मध्यस्थामार्फत विचारणा आली, आणि आमच्या घरात असा आनंद झाला की बाबूजींनी निझरला जाणं बंद केलं. व्याह्यांचा पंप दारात असताना परराज्यात पेट्रोल भरणं बरं दिसलं नसतं. गाडी पुन्हा ठोकू लागली. बाबूजींनी ठिणगीचं टायमिंग मागे घेतलं, गाडी गळाठली, पण त्यांनी तक्रार केली नाही. कांचनताईची सगाई चातुर्मास संपल्यावर करायची ठरली.

चातुर्मासात बाईचं व्रत होतं, वेशीबाहेर जायचं नाही आणि आपल्या हातची वस्तू बाहेर पाठवायची नाही. पंप वेशीबाहेर. त्यामुळे चारही महिने बरणी ओट्यावरच राहिली. बाबूजी पेट्रोल आणत, गाळत, गाळणं बरणीत खळबळत, आणि बरणी फडक्याखाली उभी. पाऊस छपरावर राहिला, ऊन आणि वारा मात्र तिच्यावरून गेले. आज कुठलाही शाळकरी मुलगा सांगेल की उघड्या बरणीतलं पेट्रोल उडून जातं. आम्हालाही ते दिसत होतं, बरणी भरायची आणि उतरायची. बाईला वाटे, जीव वर गेले. खाली काय साचतंय ते कुणी निरखून बघितलं नाही. जिवाणीकडे निरखून बघणं तिला बरं वाटत नसे.

सगाईच्या दिवशी केसरचंदशेठांच्या घरी, पंपाच्या मागेच, बैठक भरली होती. पांढऱ्या गाद्या, लोड, शहाद्याहून आलेले मध्यस्थ, दोन्ही घरची जवळची माणसं, ताटात नारळ, मिठाई, साडी. कांचनताई शेजारच्या खोलीच्या दारात बसलेली, खाली बघत, पण कान बैठकीत. अभय समोर. नारळ द्यायच्या आधी बाईने आपल्या पिशवीतून बरणी काढली. मला वाटलं मी आता जमिनीत जाते. बाई शांतपणे, हात जोडून, अगदी साध्या बोलीत म्हणाली, "शेठजी, चातुर्मासाची जिवाणी राहिली आहे. शुभ काम व्हायच्या आधी तेवढी सोडून घेऊ." ती अहिराणीत बोलली नाही, हे मला आजही स्पष्ट आठवतं. म्हणजे ती रागात नव्हती.

मध्यस्थांनी कौतुकाने बरणी हातात घेतली, फडकं सोडलं आणि उजेडात धरली. तळाला गंजाचा थर, आणि त्याच्यावर बोटभर निळं, तेलकट, स्वच्छ. पेट्रोल कधीच उडून गेलं होतं. जे उडत नाही ते राहिलं होतं. ते निळं काय आहे हे त्या बैठकीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, कारण प्रत्येकाच्या घरी ते रेशनच्या दुकानातून यायचं. वास घ्यायचीही गरज नव्हती, तरी मध्यस्थांनी घेतला आणि बरणी हळूच खाली ठेवली. केसरचंदशेठांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला होता.

अशा वेळी शहाणा बाप काय करतो? घसा खाकरतो, विषय बदलतो, मुलीकडे बघतो. आमच्या बाबूजींचं तोंड उजळलं. ते गादीवरून अर्धे उठून म्हणाले, "म्हणजे हेडची चूक नव्हती. रॉकेल होतं. म्हणूनच ठोकत होती." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. ते बाईकडे वळून म्हणाले, "बघ. मी सांगत होतो." त्यांनी असं कधीही सांगितलं नव्हतं.

केसरचंदशेठ उभे राहिले. "माझ्या घरात बसून तुम्ही मला चोर म्हणताय?"

"तुम्हाला कुठे म्हणतोय?" बाबूजी म्हणाले. "पेट्रोलबद्दल बोलतोय."

"टँकर जसा येतो तसा आम्ही विकतो. आणि ही कसली रीत, मुलगी द्यायला यायचं आणि बरणी घेऊन यायचं?"

बाईने पदर सावरला. बाकीचे एकमेकांकडे बघत होते, की आता पहिला कोण उठतो. आणि दारातून कांचनताई उठली. ज्या बहिणीने सगळ्या गावात कुणाशी मोठ्याने शब्द काढला नव्हता, ती बैठकीच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिली आणि अभयला म्हणाली, "तुम्ही दर रविवारी बरणी हातात घ्यायचात. हे तुम्हाला ठाऊक होतं?"

खोटं बोलायला त्याला भरपूर जागा होती. टँकर होता, नोकर होते, वडील समोर बोलून चुकले होते. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"पहिल्यांदा नव्हतं," तो म्हणाला. "नंतर कळलं. मग बरणी आली की मला बरं वाटायचं, की ती तुमच्या घरी राहिली नाही."

"मग ते बाईसाठी नव्हतं."

तो म्हणाला, "पहिला रविवार बाईंसाठी होता."

ताईने नारळाच्या ताटाकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबूजी, घरी चला." त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी बाबूजींना आज्ञा केली आणि ते निमूटपणे उठले. बाई मागून आली, हातात मिठाईचं ताट, आणि पिशवीत परत ती बरणी, कारण जिवाणी सोडायची राहूनच गेली होती.

परतीच्या वाटेवर ओढ्याच्या चढावर गाडीने ठोकायला सुरुवात केली. बाबूजी काही बोलायला लागले आणि बाईने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. मागच्या सीटवर कांचनताई सरळ बसली होती, आणि मग एकदम वाकून, तोंड साडीत घालून, रडायला लागली. असं रडणं मी पुन्हा ऐकलं नाही. "मला तो आवडतो," ती म्हणत होती, "मला अजून आवडतो, मी काय करू." मी तिचा हात धरला. माझ्या नखात ग्रीस होतं, तिच्या मेंदीवर लागलं. मला केसरचंदशेठांचा, त्यांच्या पंपाचा, अभयच्या चष्म्याचा इतका राग आला की त्या पंपावर काडी टाकावी असं वाटलं. सुदैवाने असं वाटणाऱ्या मुलीच्या हातात काडी नसते. बाबूजींनी गाडी थांबवली. बाई मागे वळली आणि म्हणाली, "रड, पन चालता गाडीमा रड. दिन बुडी ऱ्हायना. घर जाईसन जेवनं शे." ऐकायला कठोर वाटेल. पण त्या वेळी बाईचा आवाजही फाटलेला होता, आणि घरी गेल्यावर तिने ताईला स्वतःच्या हाताने भरवलं, दिवस बुडायच्या आत.

नंतर मी तिला विचारलं, की बाई, तू रोज स्टोव्हवर स्वयंपाक करतेस. तुला त्या बरणीत रॉकेलचा वास आला नाही? ती डाळ निवडत होती. "मी जिवाणी परत दिधी," ती म्हणाली. "बाकी माले काय माहीत?" अहिराणीत. मी खूप वर्षं यावर विचार केला. ज्या घरात मुलगी द्यायची, तिथे बरणी पुढे केल्यावर ती माणसं काय करतात हे तिला बघायचं होतं का? की तिला खरंच फक्त जीव दिसत होते? मला दोन्ही खरं वाटतं. बाईच्या धर्मात आणि हुशारीत फार अंतर नव्हतं.

पुढचे दिवस वाईट गेले. ताई दुकानात बसायची आणि साड्यांच्या घड्या चुकीच्या घालायची, पदर आत, काठ बाहेर. गिऱ्हाईक काही म्हणायचं नाही, कारण तळोद्यात काहीही लपत नाही. पंपावर काय झालं याच्या गोष्टी रोज नव्या यायच्या. बाबूजींनी एक अख्खा रविवार गाडी उघडली नाही. नुसते अंगणात खुर्ची टाकून बसले. ताईजवळ जाऊन त्यांनी एकदाच विचारलं, "माझं चुकलं का गं?" ती म्हणाली, "तुम्ही फक्त गाडीबद्दल बोललात." ते म्हणाले, "तेच." मी बापाला असं खाली बघताना पहिल्यांदा पाहिलं.

त्याच्या पुढच्या रविवारी संध्याकाळी मात्र ते पुन्हा गाडीखाली होते. टाकीतलं पेट्रोल संपत आलं होतं आणि ठोकण्याचं कारण कळल्यावर त्यांना टायमिंग परत मूळ जागी आणायचं होतं. बाई ताट घेऊन यायच्या बेतात. मी प्लग पुसत बसले होते. गल्लीकडचं दार वाजलं आणि अभय आत आला, सायकल भिंतीला लावून. दाढी वाढलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. तो अंगणाच्या मध्यावर येऊन उभा राहिला, नेमका कुणाशी बोलायचं ते न कळल्यासारखा, कारण बाबूजींचे फक्त पाय दिसत होते. मग तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून बोलला. तिथे बाई होती, आणि बाईच्या मागे ताई.

"काकीजी, पंपाला सील लागलं. तेल कंपनीची माणसं आली होती." त्याने ताईकडे बघितलं. "मी कळवलं. सह्या मी केल्या. वडील माझ्याशी बोलत नाहीत, आणि बोलतील असं वाटत नाही. पंप पुन्हा उघडेल की नाही तेही माहीत नाही. म्हणजे आता माझ्याकडे द्यायला काही नाही. सगाईचं मी विचारायला आलो नाही. कांचनने विचारलं होतं, त्याचं उत्तर अर्धं राहिलं होतं, म्हणून आलो."

आम्ही सगळ्या त्याच्याकडे बघत होतो. ताईने दाराची चौकट धरली होती. तुळशीजवळ नळ ठिबकत होता. आणि गाडीखालून, पायांनी टेकू देऊन, आधी बाबूजींची कंबर, मग पोट, मग काळं तोंड बाहेर आलं. ते तसेच पाठीवर पडून अभयकडे उलटे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती.

"सील लागलं?" ते म्हणाले. "मग आता पेट्रोल कुठे भरायचं?"

बाईने कपाळावर हात मारला. मी म्हटलं, झालं. पण अभय हसला, इतक्या दिवसांनी कुणीतरी त्याला साधा प्रश्न विचारला म्हणून असेल. "निझरला मिळतं चांगलं," तो म्हणाला. "मी दर रविवारी आणून देईन."

"मी पण येईन," कांचनताई म्हणाली. मोठ्याने, आई, बाप, बहीण आणि गल्लीच्या दाराशी गोळा झालेल्या दोन बायका, सगळ्यांच्या देखत.

बाईने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. मग वाकून ताट गाडीखाली न सरकवता बाबूजींच्या छातीवर ठेवलं.

"आधी लगीन," ती म्हणाली, "मंग पेट्रोल."